शून्य कुठे धरायचं?

मी काय काम करते हे माझ्या सासरी शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. "बोईसरला कंपनीत आहे" एवढ्यावर सगळ्यांचं समाधान. कुणी फारच खोलात शिरलं तर सासूबाई सांगायच्या, "मशीनवर असते." त्यावर पाहुण्या बायका मान डोलवायच्या आणि जाता जाता ब्लाउज शिवून मिळेल का म्हणून विचारायच्या. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, मग नाद सोडला. आता निवृत्त झाले आहे आणि दिवाळी अंकवाल्यांनी पानं देऊ केली आहेत, तेव्हा एकदाचं सांगूनच टाकते. मी भोकं पाडायचे.

हसू नका. तुमच्या पंख्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत प्रत्येक वस्तू कुठल्या तरी भोकात घातलेल्या बोल्टावर उभी आहे. भोक जागच्या जागी पडलं तर पाडणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. केसभर सरकलं की मात्र सगळी कंपनी नावानं हाका मारते.

आमच्या मशीनला व्हीएमसी म्हणतात. कपाटाएवढी पेटी, दाराला काच, आत एक टेबल आणि त्यावर वरून उतरणारं टूल. लोखंडाचा तुकडा, म्हणजे आमच्या भाषेत जॉब, टेबलावर घट्ट आवळायचा आणि मशीनला आकडे द्यायचे: इथून एवढं उजवीकडे, एवढं पलीकडे, तिथे भोक. मशीन सांगकाम्या असतं. "एवढं उजवीकडे" हे त्याला बरोबर कळतं, पण "इथून" म्हणजे कुठून, ते कळत नाही. ते आधी आपण बोट धरून दाखवायचं. त्याला म्हणतात झीरो घेणं. झीरो चुकला की पुढचे सगळे आकडे अचूक असूनही सगळी भोकं चुकीची पडतात, आणि तीही अगदी शिस्तीत, एकमेकांपासून बरोबर अंतरावर.

शाळेत हे सगळ्यांनी शिकलेलं असतं. आडवा एक्स, उभा वाय, मधे आरंभबिंदू आणि भोवती चार चरण. परीक्षा झाली की आपण आलेखवही रद्दीत देतो. माझं पोट मात्र त्याच आलेखवहीवर चाललं.

नव्यानं कामाला येणाऱ्यांना शिकवताना मी बोईसर स्टेशन घ्यायचे. समजा, स्टेशन म्हणजे शून्य. डहाणूकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. उजवा हात अधिक, समोर अधिक. डावीकडे उणे, पाठीमागे उणे. तलासरी पुढे आणि उजवीकडे, म्हणून दोन्ही आकडे अधिक. तारापूर पुढेच, पण डावीकडे, म्हणून पहिला आकडा उणे आणि दुसरा अधिक. सातपाटी डावीकडे आणि पाठीमागे, दोन्ही उणे. मनोर पाठीमागे पण उजवीकडे, म्हणून पहिला अधिक आणि दुसरा उणे. झाले चार चरण. आता मनोरला निघालेल्या माणसाचं पहिलं चिन्ह बदला. आकडे तेच, नुसतं अधिकच्या जागी उणे. तो सातपाटीच्याही पुढे जाऊन भर समुद्रात पडतो. हे सांगितलं की वर्ग हसायचा, आणि हसलेला माणूस सहसा चिन्ह विसरत नाही.

मला हे शिकवलं रामनरेशजींनी. जौनपूरकडचे, बोईसरमध्ये आयुष्य गेलेले आणि मराठीचा एक शब्द न बोलता सगळं मराठी समजणारे सेटर, म्हणजे मशीनवर जॉब बांधून झीरो घेऊन देणारे. मी आयटीआय करून आले तेव्हा कंपनीत बाई म्हणजे ऑफिसात नाही तर पॅकिंगला. मशीनवर बाई बघून बाकीचे कुजबुजले. रामनरेशजींनी एकच गोष्ट विचारली, "चिन्ह समझती हो?" मी हो म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. शॉपच्या, म्हणजे मशीनच्या शेडच्या, फरशीवर खडूनं मोठी फुली काढली, मला मधोमध उभं केलं आणि आकडे पुकारायला लागले. प्लस तीन, माइनस दो. चल. माइनस चार, माइनस एक. चल. मी भर शॉपमध्ये लंगडी खेळणाऱ्या मुलीसारखी फरशीवरून नाचत होते आणि सगळे काम थांबवून बघत होते. राग आला होता. पण संध्याकाळपर्यंत डावं-उजवं, पुढं-मागं डोक्यातून उतरून पायात गेलं, ते अजून तिथेच आहे. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

त्यांची दुसरी रीत म्हणजे पेन. नवीन जॉब लागला की लगेच ड्रिल लावायचं नाही. जॉबवर कोरा कागद चिकटवायचा, ड्रिलच्या जागी बॉलपेन बांधायचं आणि पूर्ण प्रोग्राम पेनानं चालवून बघायचा. जिथे भोक पडणार तिथे ठिपका पडतो. शेठ वैतागायचे, "मशीन काय चित्रं काढायला आणलंय?" रामनरेशजी शांतपणे मला सांगायचे, "बेटी, काग़ज़ बिगड़ा तो दूसरा लगा देंगे. लोहा कहाँ से लाएँगे?" ते गावी गेले, मी सेटर झाले, आणि ठिपक्यांची रीत मी सोडली नाही. शेठही वैतागायचं सोडत नव्हते, त्यामुळे हिशेब बरोबर होता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एकदा किनाऱ्याकडच्या एका गावचे देवस्थानाचे पंच आले. देवळासमोर बसवायला पितळी तबकडी हवी होती, मधे बिंदू आणि भोवती अष्टदिशा कोरलेल्या. मी उत्तर वर ठेवून सुंदर तबकडी कोरून दिली. पंच बघतच राहिले. म्हणाले, "बाई, देवाचं तोंड पूर्वेला. पूर्व वर पाहिजे." मी म्हटलं, तबकडी फिरवून बसवा, आपोआप पूर्व वर येईल. पटेना. "फिरवल्यावर अक्षरं आडवी होतील, देवासमोर आडवी अक्षरं?" वाद बराच चालला. त्यातून मला मात्र एक गोष्ट नीट उमगली. आमचं मशीन कोन मोजतं ते उजव्या हातापासून, आणि घड्याळाच्या उलट. होकायंत्र मोजतं उत्तरेपासून, घड्याळाच्या दिशेनं. देव मोजतो पूर्वेपासून. बिंदू एकच, पण सुरुवात कुठून आणि फिरायचं कुठल्या अंगानं, हे प्रत्येकाचं वेगळं. शेवटी मी दुसरी तबकडी कोरली. ती अजून तिथे आहे, आणि पंच आलेल्या प्रत्येकाला माझं नाव सांगतात असं ऐकते.

आता कल्पनाबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीत ती आहे. कल्पना मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरची. घरची शेती पावसावरची, त्यामुळे दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जायचे. ती पॅकिंगला लागली होती, तिथून मी तिला मशीनवर ओढली. पहिल्या दिवशी ती घाबरून गेली. स्क्रीनवर एक्स अधिककडे चाललेला आणि टेबल तर डावीकडे सरकत होतं! प्रत्येकाला इथेच ठेच लागते. या मशीनवर टूल जागेवर असतं आणि टेबल हलतं. टूलला उजवीकडे जायचं असेल तर टेबल डावीकडे जातं. मी समजावत बसले, तर हीच दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, मी आता असं धरते का मी टूलवर बसलीय. मंग टेबल कुटं बी जाऊ दे." तिच्यानंतर मी सगळ्यांना असंच शिकवलं. शिकवणं दोन्ही बाजूंनी चालतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

एका पावसाळ्यात, नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली असताना, नवापूरहून एक नवराबायको आमच्या गेटवर आले. भास्करभाऊ आणि यमुनाताई. गोणपाटात गुंडाळलेली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जड वस्तू दोघांनी मिळून उचलून आणली होती. बोटीच्या गिअरबॉक्सचं झाकण. गोल, ताटाएवढं, मधे शाफ्ट जाण्यासाठी मोठं भोक आणि कडेनं बोल्टांची भोकं. खाऱ्या पाण्यानं ती कडेची भोकं खाल्ली होती, दोन ठिकाणी तडे गेले होते. वेल्डरनं तडे भरले आणि त्याच हातानं सगळी खाल्लेली भोकंही भरून टाकली. आता ती नव्यानं पाडायची होती.

"नवीन झाकण नाय मिळत?" मी विचारलं.

"इंजिन जुनं हाय, मॅडम," भास्करभाऊ म्हणाले. "कंपनीच बंद झाली. गुजरातपर्यंत फोन केलं. नाय कुटं."

"ह्यो बिगाडला तर बोट किनाऱ्यावरच," यमुनाताई म्हणाल्या. "खलाशी दुसऱ्या बोटीवर जातील. ते आमच्यासाटी बसून थोडं राहनार? मंग आमी काय करायचं?"

झाकण एकच, भोकं एकदाच पाडता येणार, आणि बिडाला पुन्हा वेल्डिंग झेपणार नाही असं वेल्डरनं आधीच बजावलं होतं.

ड्रॉइंग नव्हतं. त्यांच्याकडे होती ती जुनी पॅकिंग, म्हणजे झाकण आणि गिअरबॉक्स यांच्यामधे तेल गळू नये म्हणून बसवतात तो जाड कागद. त्यात सगळी भोकं जशीच्या तशी. आमच्या धंद्यात पॅकिंग मिळणं म्हणजे ड्रॉइंग मिळाल्यासारखंच. झीरो कुठे घ्यायचा हा प्रश्न होता. नेहमी आम्ही कोपऱ्याला टेकून झीरो घेतो, पण या गोल वस्तूला कोपरा नाही आणि कड समुद्रानं कुरतडलेली. मधलं शाफ्टचं भोक मात्र आतून शाबूत होतं. डायल, म्हणजे सुईचं मापयंत्र, आतून फिरवून त्याचं केंद्र काढलं आणि तेच शून्य धरलं. म्हणजे भोकं चारही चरणांत विखुरली, प्रत्येकाला आपापली दोन चिन्हं. झाकणाच्या तळाला तेल उतरायची खाच होती, तशीच पॅकिंगलाही. त्यामुळे खाली कुठलं ते पक्कं झालं. बाकीची भोकं डावीउजवीकडे सारखी होती, एक सोडून. ते एक मुद्दाम सरकवलेलं, झाकण कुणी भलतंच बसवू नये म्हणून. पॅकिंगवरून सगळे बिंदू मोजले, कल्पनानं प्रोग्राम भरला, कागद चिकटवला, पेन बांधलं. यमुनाताई आणि भास्करभाऊ काचेला नाक लावून उभे. ठिपके पडत गेले. सरकवलेल्या भोकाचा ठिपका पडला उजवीकडे.

"हां," भास्करभाऊ खूश होऊन म्हणाले, "तो वाकडा उजव्या हाताला. बरोबर."

"नाय," यमुनाताई म्हणाल्या. "तो डाव्या हाताला."

"अगो, मी लावतो का तू लावतेस बोल्ट?"

"तुमी लावता. पन बॅटरी कोन धरतं? बोल्ट कोन देतं हातात? डाव्या हाताला हाय तो. माझ्या डोल्यासमोर हाय."

"चाळीस वेळा उघडलाय मी तो!"

"मंग चाळीस वेळा मीच बॅटरी धरली ना!"

शेठ केबिनमधून बाहेर आले. दुसरा मोठा जॉब रांगेत होता. "पॅकिंगवरूनच घेतलंय ना? मग झालं. ड्रिल लाव." कल्पनानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांब.

मी दोघांना शॉपच्या फरशीवर बसायला सांगितलं. मधे एक बादली उपडी ठेवली. "हा गिअरबॉक्स. बोटीत बसता तसे बसा." भास्करभाऊ बादलीच्या मागे बसले, झाकणाच्या बाहेरून. यमुनाताई पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, हातात नसलेली बॅटरी धरून. समोरासमोर. "आता वाकडा बोल्ट दाखवा." दोघांनी हात पुढे केले आणि दोघांची बोटं एकाच जागेवर आली. एकाचं उजवं, दुसरीचं डावं. शॉपमध्ये हशा पिकला. यमुनाताई लाजल्या, भास्करभाऊंनी डोकं खाजवलं.

मला मात्र हसू येईना. मशीनवर झाकण ठेवलं होतं ते गिअरबॉक्सला चिकटणारी बाजू वर करून. म्हणजे आम्ही त्याच्याकडे आतून, यमुनाताईंच्या बाजूनं बघत होतो. मग वाकडं भोक डावीकडे यायला हवं होतं, आणि आमचा ठिपका उजवीकडे. पॅकिंग हातात घेऊन उलटसुलट केली. कागदाला सुलटं-उलटं नसतंच. खाचेमुळे खाली कुठलं ते कळत होतं, पण डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे कागद सांगू शकत नव्हता. मी तो जसा हाताला आला तसा टेबलावर अंथरला आणि मोजला.

पण कुणाच्या आठवणीवर बिडाला ड्रिल लावायची माझी छाती नव्हती. नवापूरला यमुनाताईंच्या पुतण्याला फोन करून फोटो मागवला, तर आला नुसता तेलकट अंधार. शेवटी मी शेठना सांगितलं, मी जाऊन येते. "पॅकिंग बघायला नवापूरला?" शेठ म्हणाले. "नाही, गिअरबॉक्स बघायला," मी म्हटलं. ते काही बोलले असतील, मी ऐकायला थांबले नाही. कल्पनानं ठिपक्यांचा कागद जपून काढून दिला आणि आम्ही तिघं रिक्षात बसलो.

बोट किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेली होती. सुक्या मासळीच्या वासात आणि चिखलात मी साडी खोचून आत उतरले. यमुनाताईंनी यावेळी खरी बॅटरी धरली. ठिपक्यांच्या जागी कागदाला भोकं पाडली आणि झाकण बसतं तसा, ठिपके आतल्या बाजूला करून, कागद गिअरबॉक्सवर टेकवला. बाकी सगळी भोकं जुळली. वाकडं जुळलं नाही. नुसतं सपाट लोखंड दिसत होतं त्या जागी. मग कागद उलटा केला. सगळी जुळली.

"झाला ना बरोबर?" यमुनाताईंनी विचारलं. मी मान हलवली. काचेपाशी त्या एक शब्द बोलल्या नसत्या, नवऱ्याच्या हो ला हो म्हणून गप्प बसल्या असत्या, तर त्यांची बोट मीच किनाऱ्याला कायमची बांधली असती. मी त्यांचा हात धरला आणि तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अवो, मी तर भांडत होती."

परत आल्यावर कल्पनानं वाकड्या भोकाच्या पहिल्या आकड्याचं चिन्ह बदललं. बाकी एक आकडाही बदलावा लागला नाही. पुन्हा कागद, पुन्हा पेन. मग ड्रिल. मी दाराला टेकून उभी होते, आणि इतक्या वर्षांत भोक पडताना डोळे मिटून घेतल्याचं मला दुसरं आठवत नाही.

हल्ली कॉम्प्युटरवर चित्र काढलं की प्रोग्राम आपोआप तयार होतो. पडद्यावर जॉब फिरवून बघता येतो, पेन बांधावं लागत नाही. चांगलंच आहे. एक रुखरुख मात्र राहते. आम्ही पाडलेल्या हजारो भोकांत पुढे कुणाचे बोल्ट बसले, ते कसे बसले, हे आम्हाला कधीच कळलं नाही. जॉब गेटबाहेर गेला की संपलं. तक्रार आली नाही म्हणजे बसला असेल, एवढंच समाधान.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला नवापूरहून निरोप आला, "याच." मी आणि कल्पना गेलो. बोट खाडीत उतरवलेली, रंग नवा, पताका लावलेल्या. भास्करभाऊंनी मला गिअरबॉक्सपाशी नेलं. झाकण बसवून झालं होतं. सगळे बोल्ट आवळलेले, वाकड्या भोकाचा एक सोडून. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो तुमी लावा, मॅडम."

मी पाना मागितला. यमुनाताई म्हणाल्या, "पाना कशाला? पयले हातानं बगा."

मी बोल्ट भोकात ठेवला आणि दोन बोटांनी फिरवला. कुठे अडला नाही, कुठे घासला नाही. तळापर्यंत सरळ गेला. मशीनवर काम केलेल्या माणसालाच हे कळेल. बाकीच्यांना मी एवढंच सांगते की मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. कल्पनाही डोळे पुसत होती.

आम्ही काठावर उतरलो. इंजिन धडधडलं, भास्करभाऊंनी गिअर टाकला, बोट आधी मागे सरली, मग वळली आणि खाडीच्या तोंडाकडे निघाली. माझे हात ग्रीसनं काळे झाले होते. यमुनाताईंनी ते आपल्या हातांत घेतले आणि पदरानं पुसायला लागल्या. सणाचं नवंकोरं लुगडं होतं. मी नको नको म्हणत होते. त्यांनी एकेक बोट पुसून काढलं.